मुक्ता: मोती की मोकळी?

मुलीचे नाव मुक्ता ठेवायचे ठरले की बारशाच्या आधीच घरात एक छोटासा वाद झडतो. आजीच्या मते मुक्ता म्हणजे मोती. शाळेत संस्कृत घेतलेल्या आत्याच्या मते मुक्ता म्हणजे सुटलेली, बंधनातून मोकळी झालेली. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण संस्कृत कोशांत ‘मुक्ता’ या शब्दाखाली हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले सापडतात. बाळांच्या नावांची पुस्तके तर ‘मुक्ता: मोती, स्वतंत्र’ एवढ्या तीन शब्दांत हे प्रकरण आटोपतात. पण समुद्राच्या तळाशी सापडणाऱ्या रत्नाला आणि सुटका झालेल्या जिवाला भाषेने एकच शब्द का द्यावा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि या नावाची खरी गंमत त्या प्रश्नातच आहे.

आधी आत्याचा अर्थ पाहू, कारण तो व्याकरणाच्या दृष्टीने सरळ आहे. संस्कृतात ‘मुच्’ असा धातू आहे आणि त्याचा अर्थ सोडणे, मोकळे करणे असा होतो. या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागला की ‘मुक्त’ हे विशेषण तयार होते आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मुक्ता’. मुक्ती, मोक्ष, मोचन, मुमुक्षू हे सगळे शब्द याच कुटुंबातले आहेत. मात्र त्यांच्यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मुमुक्षू म्हणजे सुटण्याची इच्छा धरणारा, मुक्ती म्हणजे सुटण्याची क्रिया किंवा अवस्था, आणि मुक्ता म्हणजे जिची सुटका झालेली आहे अशी. म्हणजे या नावात इच्छा किंवा आशीर्वाद नसून पूर्ण झालेल्या गोष्टीची नोंद आहे. म्हणूनच पुस्तकांतला ‘स्वतंत्र’ हा अर्थ मला थोडा सैल वाटतो. स्वतंत्र माणूस कधी बांधलेला नसेलही, पण मुक्त म्हणताना आधी बंधन होते हे गृहीतच धरलेले असते.

आता आजीचा मोती. तो अर्थही जुना आणि प्रतिष्ठित आहे: अमरकोशात रत्नांच्या नावांमध्ये मौक्तिक आणि मुक्ता हे शब्द एकाच वस्तूसाठी दिलेले आहेत. मोत्याला ‘सुटलेली’ का म्हणावे, याचे पारंपरिक उत्तर असे की तो शिंपल्याच्या पोटातून बाहेर सुटतो, म्हणून ती मुक्ता. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कविसंकेताने रूढ केलेली कल्पनाही याच्याच जोडीने येते. प्रत्यक्षात शिंपल्याच्या आत एखादा परजीवी किंवा इतर काही उपद्रवी वस्तू शिरली की तो प्राणी तिच्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे आणि प्रथिनांचे पातळ थर चढवत राहतो. त्या थरांतून परावर्तित होणारा प्रकाश म्हणजे मोत्याची झळाळी. म्हणजे शरीरशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर मोती हा सुटलेला नसून चारी बाजूंनी कोंडलेला पदार्थ आहे.

‘शिंपल्यातून सुटली म्हणून मुक्ता’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण काही भाषाभ्यासकांना ती पटत नाही आणि त्यांच्या शंकेला आधार आहे. ऋग्वेदात मोत्यासाठी ‘कृशन’ असा वेगळाच शब्द येतो. सवित्याचा, म्हणजे सूर्यदेवाचा, रथ कृशनांनी मढवलेला असल्याचे वर्णन तिथे आहे आणि अथर्ववेदात शंखाच्या ताइतालाही कृशन म्हटले आहे. ‘मुच्’ धातू वेदांत भरपूर वापरलेला असूनही मोती या अर्थाचा ‘मुक्ता’ हा शब्द नंतरच्या संस्कृतात रुळतो. दुसरीकडे तमिळ आणि मल्याळममध्ये मोत्याला ‘मुत्तु’, कन्नडमध्ये ‘मुत्तु’ आणि तेलुगूमध्ये ‘मुत्यमु’ म्हणतात. आणि मोती मुळात मिळत होते कुठे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या प्रकारांची जी यादी आहे तिची सुरुवातच ताम्रपर्णिक आणि पांड्यकवाटक या दक्षिणेकडच्या नावांनी होते. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात, पांड्य राजांच्या कोर्कै बंदराच्या परिसरात, मोत्यांचे शिंपले काढण्याचा धंदा फार पूर्वीपासून चालत होता. माल जिथून येतो तिथलेच नाव त्याला चिकटते, हा बाजाराचा जुना रिवाज आहे.

यावरून मांडला जाणारा तर्क असा. दक्षिणेतला ‘मुत्तु’ हा शब्द मोत्यांबरोबर उत्तरेकडे आला आणि प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘मुत्ता’ असा रुळला. प्राकृतात संस्कृतातल्या ‘क्त’चा ‘त्त’ होतो, हे सर्वांना ठाऊक होते: भक्त या शब्दाचे (त्याचा एक अर्थ शिजवलेला तांदूळ असाही आहे) भत्त झाले आणि त्याचा मराठीत भात झाला. तेव्हा ‘मुत्ता’ ऐकल्यावर संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताने स्वाभाविकच असे मानले असावे की याचे मूळ शुद्ध रूप ‘मुक्ता’ असले पाहिजे, आणि नसलेला ‘क्’ परत बसवला. आजही पुष्कळ सुशिक्षित माणसे ‘सहस्र’ लिहिताना ‘सहस्त्र’ असा एक जादा ‘त’ घालतात, कारण अवघड दिसणारे रूप जास्त शुद्ध असणार असा त्यांचा समज असतो; हा प्रकार काहीसा त्याच जातीचा. सगळे अभ्यासक हे मत मान्य करतात असे नाही, आणि उलट दिशेने, म्हणजे प्राकृतातून दक्षिणेकडे शब्द गेला असावा, असे म्हणणारेही आहेत. पण ‘कृशन’ मागे पडून ‘मुक्ता’ पुढे का आला, याचे उत्तर पहिल्या मतातून अधिक नीट मिळते असे मला वाटते.

इथे एक तपशील सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत कोर्कैच्या मोत्यांचा उल्लेख आहे आणि तिथे शिंपले काढण्याच्या कामावर शिक्षा झालेले कैदी लावले जात, असेही नोंदवले आहे. संस्कृतात जिला ‘सुटलेली’ म्हणत तिला समुद्राच्या तळातून वर आणणारे हात बंदिवानांचे होते.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या भाषेने हा गुंता केव्हाच सोडवून टाकला आहे. मौक्तिक या शब्दाचे प्राकृतात मोत्तिअ झाले आणि मराठीत मोती. तर ‘मुच्’ धातूपासून प्राकृतात ‘मुक्क’ असे दुसरे रूप होते, त्यातून आपला ‘मोकळा’ आला. रत्नासाठी मोती आणि सुटण्यासाठी मोकळे अशी सरळ वाटणी झाली. केस मोकळे, रान मोकळे, मन मोकळे. आणि डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर मोत्यासारखे, कुत्र्याचे नावसुद्धा मोत्या. रोजच्या बोलण्यात या दोन्ही कुळांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. फक्त मुलीच्या नावात, संस्कृत रूप जसेच्या तसे राहिल्यामुळे, दोन्ही अर्थ अजून एकाच घरात नांदतात. रत्नाच्या अर्थाचे एक संस्कृत रूप मात्र मराठीने उपरोधासाठी राखून ठेवले आहे: कोणी बेताल बोलला की त्याने ‘मुक्ताफळे उधळली’ असे आपण म्हणतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात हे दोन्ही अर्थ किती जवळ होते, याचा एक छान पुरावा आहे. रामचंद्र यादवाचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाने बोपदेव या पंडिताने भागवतातल्या निवडक श्लोकांचा ‘मुक्ताफल’ नावाचा ग्रंथ रचला आणि त्यावर ‘कैवल्यदीपिका’ नावाची टीका आहे. ग्रंथाचे नाव मोती आणि टीकेचे नाव मोक्षाचा दिवा! पंडितांच्या या संस्कृत शब्दखेळाच्या काळातच, त्याच राज्यात, गोदावरीकाठच्या आपेगावच्या विठ्ठलपंत कुलकर्णी आणि रुक्मिणीबाई या दांपत्याच्या चार मुलांपैकी धाकट्या मुलीचे नाव मुक्ता होते.

विठ्ठलपंतांनी आधी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून पुन्हा गृहस्थाश्रमात प्रवेश केला, म्हणून या घरावर बहिष्कार पडला आणि मुलांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले गेले, हा इतिहास महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्या पार्श्वभूमीवर चार भावंडांची नावे ओळीने वाचावीत: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संसारातून मागे फिरणे, मग ज्ञान, मग वर नेणारी पायरी आणि शेवटी सुटका, असा क्रम त्यात वारकरी परंपरेने पाहिला आहे. आईबापांनी तो ठरवून योजला होता की नाही हे बाजूला ठेवले तरी ओळीत उभे केल्यावर चौथ्या नावाचा अर्थ मोती असा लागतच नाही. रूढ कालगणनेप्रमाणे मुक्ताबाईंचा जन्म शके 1201 मधला, म्हणजे इसवी सन 1279 मधला, आणि त्यांचे अंतर्धान शके 1219, म्हणजे 1297 मधले. जेमतेम अठरा वर्षांचे आयुष्य.

या नावाला मराठी मनात जे वजन आले ते त्या अठरा वर्षांमुळे, आणि त्यातही एका प्रसंगामुळे. लोकांच्या अपमानाने उद्विग्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे बांबू-कुडाचे ते साधे दार, लावून आत बसतात. बाहेर धाकटी बहीण उभी आहे. ती रडत नाही, विनवण्याही फारशा करत नाही. संताने कसे असावे हे ती आतल्या मोठ्या भावाला एकेका अभंगातून ऐकवते आणि प्रत्येक वेळी शेवटी ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ असे म्हणत राहते. लोक रागाने आग झाले तर संताने पाणी व्हावे, अशा अर्थाचे तिचे बोलणे आजही कीर्तनांतून सांगितले जाते. बंद दाराच्या आत ज्ञान आहे आणि बाहेर मुक्ता, असे हे चित्र आहे. नावांच्या अर्थाचा इतका चपखल प्रसंग कोणी रचायला बसला असता तरी त्याला जमला नसता.

दुसरी आख्यायिका चांगदेवांची. चौदाशे वर्षे तप केलेल्या या योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला. तो पाहून, इतकी वर्षे तप करूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणजे ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’, आणि पुढे चांगदेवांच्या गुरू झाल्या त्या मुक्ताबाई. वयाने इतक्या लहान मुलीला महाराष्ट्राने ‘मुक्ताई’ म्हटले ते उगाच नाही. नावाच्या शेवटी लागणारी ही ‘आई’ तुकाई, यमाई अशा देवींच्या नावांतही आहे. ज्ञानदेव आळंदीत, सोपानदेव सासवडला आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला समाधिस्थ झाले, पण मुक्ताईंच्या बाबतीत परंपरा असे सांगते की तापीकाठी मेहूण इथे वीज कडाडली आणि त्या दिसेनाशा झाल्या. त्या परिसरातल्या एदलाबादचे नाव पुढे मुक्ताईनगर झाले. आषाढी वारीतल्या मानाच्या पालख्यांमध्ये मुक्ताईंची पालखी असते आणि ती जळगाव जिल्ह्यातून पंढरपुरापर्यंतची लांबलचक वाट चालून येते.

हे नाव फक्त संतपरंपरेत राहिले असे मात्र नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास होते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमच्याकडे धर्मग्रंथच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला आहे. साडेपाच शतकांच्या अंतराने एकाच नावाच्या दोन मुली, दोघीही विशीच्या आतल्या, समाजाने दाराबाहेर ठेवलेल्या आणि तरीही मोठ्यांना ऐकवणाऱ्या. हा योगायोगच आहे, पण मुक्ता हे नाव मराठीत उच्चारले की दागिन्यांच्या पेटीआधी या मुली आठवतात, हेही खरे.

आता लोकप्रियतेविषयी. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग 1880 पासूनच्या जन्मांसाठी नावांची वर्षवार आकडेवारी प्रसिद्ध करतो, आणि एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना दिलेली नावे त्यातून वगळतो. भारतात जन्म आणि मृत्यू नोंदणी 1969 च्या कायद्याने होते, पण नावांची अशी क्रमवारी सरकार जाहीर करत नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्रात मुक्ता हे नाव अमुक क्रमांकावर आहे’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. जुनी कागदपत्रे, पुस्तके आणि आपल्या नात्यातल्या पिढ्या पाहून एवढे म्हणता येते की हे नाव मराठीत कधी फार गर्दीचे झाले नाही आणि कधी बंदही पडले नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते मुक्ताबाई असे पूर्ण लिहिले जाई आणि गावोगावच्या शेतकरी, कारागीर, भिक्षुक अशा सर्व घरांत ते होते. पुढे शहरी घरांतून ‘बाई’ हा प्रत्यय मागे पडला, तशी कृष्णाबाई, गंगाबाई ही नावे जुनी वाटू लागली. पण मुक्ताबाईतून ‘बाई’ काढल्यावर जे उरले ते दोन अक्षरी, आटोपशीर आणि नव्या काळाला शोभणारे निघाले. स्त्रीमुक्ती हा शब्द रुळल्यानंतर तर त्याला एक तिसराच रंग चढला. जब्बार पटेल यांनी 1994 मध्ये दिग्दर्शित केलेल्या मराठी चित्रपटाचे नावच ‘मुक्ता’ होते, आणि अभिनेत्री मुक्ता बर्वे यांच्यामुळे आजच्या पिढीला हे नाव रोजच्या ओळखीचे आहे.

मराठीच्या बाहेर गेले की तराजू दुसरीकडे झुकतो. बंगालीत मुक्ता हा मोत्यासाठी नेहमीच्या वापरातला शब्द आहे, त्यामुळे बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत हे नाव ठेवतात आणि ऐकणाऱ्याला आधी मोतीच दिसतो. गुजरातीत स्वामिनारायण संप्रदायाच्या परिभाषेत ‘मुक्त’ म्हणजे मोक्ष मिळालेला जीव, म्हणून तिथे कल आत्याच्या बाजूने. तमिळमध्ये ‘मुत्तु’ स्त्री-पुरुष दोघांच्याही नावांत येतो. देशातल्या पहिल्या स्त्री-आमदारांमध्ये गणल्या जाणाऱ्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावातला मुथु म्हणजे हाच मोती. युरोपातली मार्गारेट आणि तिच्यापासून निघालेली मार्गरिता, मार्गो, ग्रेटा ही नावेही ग्रीक भाषेतल्या मोत्याच्या शब्दावरून आली आहेत. म्हणजे आजीच्या अर्थाने पाहिले तर मुक्ता आणि मार्गारेट एकमेकींच्या नावबहिणी ठरतात.

ज्यांना हे नाव ठेवायचे आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पत्रिकेप्रमाणे नाव ठेवणाऱ्यांच्या हिशेबात मा, मी, मू, मे ही मघा नक्षत्राची अक्षरे आहेत, म्हणून मुक्ता हे नाव सिंह राशीत धरले जाते. आणि जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, नाव दाखल करता येते. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा त्यावरचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत एकदाच नीट तपासून घ्यावे. ‘त’साठी कोणी जादा ‘एच’ घालतात आणि मग तो दक्षिणी धाटणीचा ‘एच’ आयुष्यभर सोबत राहतो.

उच्चाराची अडचण फक्त पहिली दोन-तीन वर्षे. ‘क्त’ हे जोडाक्षर लहान जिभेला झेपत नाही, म्हणून या नावाची बहुतेक बाळे स्वतःचे नाव ‘मुत्ता’ असे सांगतात आणि घरातली मोठी माणसे हसू दाबत ते दुरुस्त करतात. पण प्राकृत बोलणारे लोक नेमके असेच म्हणत होते, आणि मन्नारच्या किनाऱ्यावरचा मोतीवालाही त्या बाळाचे बोलणे ऐकून जवळजवळ बरोबर समजला असता.